शेवटच्या गाण्यानंतरचे दहा तास

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की चार मित्रमैत्रिणींनी एका गाडीतून निघायचे आणि तीन संध्याकाळी तीन वेगवेगळ्या शहरांत तीन रॉक कॉन्सर्ट ऐकायच्या, असा बेत आखणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या खेपेला आली आहेत. कोणता बँड ऐकावा हे मात्र कोणीच विचारलेले नाही, कारण ते प्रत्येकाचे आधीच ठरलेले आहे. प्रश्न आहेत ते झोपेचे, कानांचे, गर्दीचे आणि मैत्रीचे. अशा सहली मी स्वतः अनेक वर्षे केल्या आहेत आणि दर वेळी माझा एकच अनुभव आहे, की सहल कशी होणार हे शेवटचे गाणे संपल्यानंतरच्या दहा तासांवर ठरते. म्हणून पुढची उत्तरे थोडी त्याच अंगाने लिहिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र आहोत. तीन लागोपाठच्या संध्याकाळी तीन कॉन्सर्ट आहेत आणि दोन शहरांमधले अंतर प्रत्येक वेळी तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. कार्यक्रम रात्री अकराच्या सुमारास संपतो. तिथूनच गाडी काढायची, पहाटेपर्यंत पुढचे शहर गाठायचे आणि मग दिवसभर झोपायचे, असे तिघांचे म्हणणे आहे, कारण रस्ता मोकळा मिळतो आणि एका मुक्कामाचा खर्च वाचतो. चौथा मित्र याला ठाम विरोध करतो आहे. कार्यक्रमानंतर इतका उत्साह असतो की झोप येतच नाही, हा आमचा अनुभव आहे. मग धोका कसला?

उत्तर : तुमचा चौथा मित्र बरोबर बोलतो आहे आणि बाकीच्या तिघांनी त्याचे ऐकावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी साधा हिशेब करू या. कार्यक्रमाच्या दिवशी तुम्ही सकाळी सात वाजता उठलात, तर रात्री बारा वाजता तुम्ही सतरा तास जागे असता. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे नियंत्रण रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतके खालावते आणि चोवीस तासांच्या जागरणानंतर ते ०.१० टक्के मद्यार्काच्या पातळीला जाते. म्हणजे मद्याचा थेंबही न घेता तुमचा चालक निघतानाच अनेक देशांच्या कायदेशीर मर्यादेशी येऊन ठेपलेला असतो आणि पुढचे चार-पाच तास तो आणखी खाली घसरत जातो. त्यातही मध्यरात्री दोन ते पहाटे सहा या वेळेत शरीराचे आतले घड्याळ झोपेकडेच ओढत असते, मग तुम्ही दुपारी कितीही विश्रांती घेतलेली असो. तुमच्या प्रवासाचा मोठा भाग नेमका याच वेळेत येतो.

उत्साहाबद्दल तुम्ही लिहिले आहे ते खरे आहे, पण तो उत्साह टिकत नाही. कार्यक्रम संपल्यावर पहिला तासभर गाडीत सगळे बोलत असतात, कोणते गाणे कसे वाजवले यावर वाद रंगतात, मग एकेक जण मान टाकतो आणि चालक एकटा उरतो. एका रात्री मी स्वतः अशी गाडी चालवत होते. एका वळणावर भानावर आले तेव्हा लक्षात आले की आधीचे कित्येक किलोमीटर मला आठवतच नव्हते. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, पण रस्ता पाहिल्याची कोणतीही खूण मनात नव्हती. पुढे जी पहिली सुरक्षित जागा दिसली तिथे मी गाडी थांबवली आणि त्यानंतर कार्यक्रमाच्या रात्री कधीही लांबचा प्रवास केला नाही. क्षणिक डुलकी काही सेकंदांची असते आणि ती लागल्याचे माणसाला अनेकदा कळतही नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत एकशे अकरा मीटर जाते. तेवढे अंतर ती कोणीही चालवत नसताना कापलेले असते.

खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांनी काही मिनिटे बरे वाटते, एवढेच. खरोखर उपयोगी पडते ती झोप. अगदीच नाइलाज झाला तर गाडी सुरक्षित जागी उभी करून कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत, कारण कॉफीचा परिणाम सुरू व्हायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. पण हा अडचणीतला उपाय झाला. बेत आखतानाच त्याचा आधार घेऊ नये.

माझा सल्ला असा आहे, की मुक्काम कार्यक्रमाच्या जागेपासून शक्य तितक्या जवळ, जमल्यास पायी जाता येईल इतक्या अंतरावर करावा. रात्री सात-आठ तास झोपावे, सकाळी दहाच्या सुमारास निघावे, दर दोन तासांनी थांबून चालक बदलावा. तीनशे किलोमीटरचे अंतर थांबे धरूनही दुपारी चारपर्यंत निवांत पार पडते आणि दारे उघडण्याआधी अंघोळ करून ताजेतवाने होण्याइतका वेळ हाताशी राहतो. ज्या मुक्कामाचा खर्च तुम्ही वाचवू पाहत आहात, तो मुक्काम म्हणजेच तुमची सहल आहे, असे समजून तो आधी राखून ठेवा आणि मगच तिकिटांकडे वळा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. पहिल्या दोन रात्रींपेक्षा परतीची रात्र अधिक घातक असते. तीन दिवसांची अपुरी झोप साठलेली असते, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचे असते आणि त्या घाईत सगळे नियम बाजूला पडतात. त्यासाठी तिन्ही कॉन्सर्टच्या तारखा तुमच्या हातात नसल्या तरी निवड तुमच्या हातात असते. सगळ्यात लांबची कॉन्सर्ट पहिल्या दिवशी आणि घराजवळची शेवटच्या दिवशी येईल अशा तारखा मिळाल्या तर त्याच घ्या. तसे जमत नसेल तर चौथ्या दिवसाची रजा आधीच टाका किंवा तिसरी कॉन्सर्ट सोडून द्या. दोन कॉन्सर्टची सहलही पूर्ण सहल असते.

प्रश्न : मागच्या महिन्यात एका कॉन्सर्टहून परतल्यावर माझ्या कानात रात्रभर बारीक शिट्टी वाजत होती आणि सगळ्यांचे बोलणे कापूस घातल्यासारखे ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते थांबले. आता लागोपाठ तीन दिवसांचा बेत आहे. मैत्रीण म्हणते की कानांना सवय होते. खरे आहे का?

उत्तर : कानांना सवय होत नाही. आपण ज्याला सवय समजतो ते बहुधा कमी ऐकू येणेच असते.

आतल्या कानात शंखाच्या आकाराची एक नलिका असते आणि तिच्यात आवाजाची कंपने टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. फार मोठा आवाज बराच वेळ पडला की त्या थकतात, आणि बोथट ऐकू येणे व शिट्टी वाजणे ही त्या थकव्याची लक्षणे असतात. विश्रांती मिळाली तर त्या बऱ्याच अंशी सावरतात, पण मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. तुमची शिट्टी थांबली म्हणजे सगळे पूर्ववत झाले, असेही समजू नका, कारण साध्या श्रवणचाचणीत न दिसणारी हानी त्यानंतरही मागे राहू शकते.

आकडे समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही सुरक्षिततेची मर्यादा बऱ्याच ठिकाणी धरली जाते आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. रॉक कॉन्सर्टमध्ये आवाज शंभरच्या आसपास असणे अगदी नेहमीचे आहे आणि कार्यक्रम दोन-अडीच तास चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी शंभर डेसिबलपेक्षा जास्त असू नये, श्रोत्यांना कानातले बोळे मिळावेत आणि कान शांत करायला एखादा शांत कोपरा असावा, असे सांगितले आहे. तुम्ही जाल तिथे हे पाळले जाईलच असे नाही, म्हणून बोळे स्वतःच न्यावेत.

हे बोळे, म्हणजे इअरप्लग, दोन प्रकारचे असतात. फोमचे बोळे आवाज भरपूर कमी करतात, पण वरच्या पट्टीतले सूर अधिक खातात, त्यामुळे झांजा आणि गायकाचे शब्द गढूळ होतात. संगीतासाठी खास बनवलेले गाळणीचे बोळे सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्या प्रमाणात खाली आणतात, जणू कोणी आवाजाची कळ मागे फिरवली आहे. पंधरा डेसिबल कमी करणारे बोळे नीट बसले तर शंभरचे पंच्याऐंशी होतात आणि पंधरा मिनिटांची मुभा आठ तासांवर जाते. फोमचा बोळा घालताना तो बोटांनी बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. अर्धवट बसलेला बोळा न घातल्यासारखाच असतो. पहिले गाणे सुरू होण्याआधीच तो घाला आणि मध्येच ‘खरा आवाज’ ऐकण्यासाठी काढू नका.

तुमच्या तीन दिवसांच्या बेतात यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो मधला दिवस. थकलेल्या कानांना निदान सोळा-सतरा तास शांतता हवी असते आणि नेमक्या त्याच वेळात तुम्ही गाडीत असता. कान बोथट झाल्यामुळे गाडीतला आवाज कमी वाटतो, म्हणून कोणीतरी तो वाढवतो, त्यात इंजिनाचा आणि वाऱ्याचा आवाज मिसळतो, आणि कानांची विश्रांती तिथेच संपते. त्या प्रवासात गाणी अगदी हळू लावा किंवा बंदच ठेवा. संध्याकाळी ज्या बँडला ऐकायचे आहे त्याची गाणी तर दिवसभर मुळीच लावू नयेत, असे माझे वैयक्तिक मत आहे; कोऱ्या कानांनी गेले की ओळखीचे गाणेही नवे ऐकू येते.

जुन्या वादकांनी याची किंमत मोजली आहे. ‘द हू’ या बँडची १९७६ सालची लंडनमधली एक कॉन्सर्ट १२० डेसिबलच्या वर गेली म्हणून विक्रमाच्या पुस्तकात नोंदली गेली होती. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउन्शेंड याने पुढे आपल्या कानांच्या दुखण्याबद्दल आणि कमी झालेल्या श्रवणशक्तीबद्दल उघडपणे सांगितले. श्रवणहानीला प्रोत्साहन मिळू नये म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाच्या बँडची ती नोंदही नंतर बंद करण्यात आली. शिट्टी एक-दोन दिवसांत थांबली नाही किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर उरलेली सहल सोडून लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.

प्रश्न : आमच्यात दर वेळी एकच भांडण होते. दोघींना रंगमंचासमोरच्या कठड्याला चिकटून उभे राहायचे असते आणि मला मागे, जिथे आवाज चांगला येतो तिथे. आवाज मागे चांगला येतो हे मी त्यांना कसे पटवू? शिवाय फार मागे गेले की ड्रमवाल्याचा हात आणि आवाज जुळत नाही, असे का होते?

उत्तर : मैदानाच्या मध्यावर, रंगमंचासमोर थेट, कठड्यांनी वेढलेला एक छोटा मंच असतो आणि त्यावर ध्वनिमिश्रण करणारा माणूस बसलेला असतो. तो जे ऐकतो त्यावरून सगळा आवाज ठरतो. त्यामुळे त्याच्या जवळपास, थोडे पुढे उभे राहिलात तर त्याने ऐकलेली कॉन्सर्ट तुम्हाला ऐकायला मिळते. अगदी पुढे मुख्य स्पीकरांचा आवाज डोक्यावरून पलीकडे जातो, समोर गिटारचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि पायाशी खर्जाचे स्पीकर, असा आवाज तुकड्यातुकड्याने येतो. मैत्रिणींना एवढे सांगून पाहा.

मागच्या श्रोत्यापर्यंत नीट आवाज पोहोचवणे हीदेखील रॉक संगीताने कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर ५५ हजारांहून अधिक लोकांसमोर बीटल्स वाजवत होते तेव्हा किंचाळ्यांच्या गदारोळात त्यांना स्वतःचे वादनही धड ऐकू येत नव्हते, कारण साधने त्या गर्दीला पुरणारी नव्हती. १९७४ साली ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडने शेकडो स्पीकरांची भिंतच आपल्या पाठीमागे उभी केली. आज रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरांच्या ज्या वाकड्या माळा टांगलेल्या दिसतात, त्यांचा प्रसार १९९० च्या दशकात झाला. साध्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. या माळेचा आवाज काही अंतरापर्यंत तीनच डेसिबलने उतरतो. म्हणून पुढच्यांचे कान न फोडता मागच्यांना ऐकवता येते.

हात आणि आवाज न जुळण्याचे कारण साधे आहे. उजेड तत्काळ पोहोचतो, आवाज मात्र वीस अंश सेल्सिअसच्या हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर एवढाच धावतो. शंभर मीटर मागे तो जवळपास ०.३ सेकंद उशिरा येतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधले अंतर अर्धा सेकंद असते, म्हणजे तुम्ही अर्ध्या ठोक्याहून अधिक मागे पडता. मैदानभर लोक टाळ्या वाजवतात तेव्हा त्यांची जी लाट मागे सरकताना ऐकू येते, तीही यामुळेच. मोठ्या मैदानात मध्ये मनोरे उभारून त्यांवर जादा स्पीकर बसवतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे रंगमंचाकडून येणारा आणि मनोऱ्यावरून येणारा आवाज एकत्र कानावर पडतो.

भांडण मिटवायचे तर वेगवेगळे उभे राहा. खरोखर, यात मैत्रीचा काही अपमान नाही. कार्यक्रमात एकमेकींशी बोलता येतच नाही. बोलायला पुढचा सगळा दिवस गाडीत असतो आणि दोन वेगळ्या जागांवरून ऐकलेली एकच कॉन्सर्ट हा त्या प्रवासाचा सर्वांत चांगला विषय ठरतो. फक्त भेटण्याची जागा आणि वेळ आत शिरण्याआधी ठरवा, कारण हजारो लोक एकदम फोन काढतात तेव्हा फोन लागतीलच असे नाही.

प्रश्न : आमची धाकटी मुलगी प्रथमच मैत्रिणींबरोबर अशा सहलीला निघाली आहे. चेंगराचेंगरीच्या बातम्या वाचून आम्हा दोघांना झोप लागत नाही. तिला पाठवू नये, असे वाटते.

उत्तर : आपली काळजी अगदी रास्त आहे. तरीही तिला जाऊ द्यावे आणि जाण्याआधी शांतपणे बसून काही गोष्टी समजावून सांगाव्यात, असे मला वाटते.

गर्दीत माणसे बहुतेक वेळा पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. चहूबाजूंच्या दाबाने छाती फुगवता न आल्यामुळे, उभ्या उभ्याही श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे झाली की धोका सुरू होतो आणि सहा-सातच्या पुढे गर्दी पाण्यासारखी हेलकावू लागते. ३ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात कॉन्सर्ट सुरू होण्याआधीच, दारापाशी, अकरा जणांचा जीव गेला. २००० साली डेन्मार्कमधल्या रॉसकिल्ड महोत्सवात रंगमंचासमोरच्या दाबात नऊ जण दगावले. म्हणून दोन जागा तिने लक्षात ठेवाव्यात : दारे उघडतानाचे प्रवेशद्वार आणि रंगमंचासमोरचा मधला भाग. पहिल्या ठिकाणी घाई करू नये आणि दुसऱ्या ठिकाणी, निदान या पहिल्या खेपेला, जाऊ नये.

आत गेल्यावर आलो ते दार सोडून बाहेर पडण्याची आणखी दोन दारे पाहून ठेवावीत. चारही बाजूंनी अनोळखी माणसांचा स्पर्श जाणवू लागला आणि हात वर घेऊन चेहऱ्याला लावणे अवघड झाले, की गाणे कितीही आवडते असले तरी तिथून निघावे. दाब आलाच तर हात कोपरात दुमडून छातीपुढे धरावेत, श्वासापुरती जागा राखावी, ओरडण्यात श्वास घालवू नये, लोटाच्या विरुद्ध न ढकलता तो ओसरेल त्या क्षणी तिरके तिरके कडेला सरकावे. पडलेली वस्तू उचलायला वाकू नये, मात्र पडलेल्या माणसाला लगेच हात द्यावा. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांबरोबर धावत सुटण्याऐवजी वीस मिनिटे जागेवरच थांबावे, पाणी प्यावे, मैत्रिणी जमल्या की निघावे. मुक्कामावर पोहोचल्याचा एक निरोप तिच्याकडून मागून घ्या. त्याहून अधिक फोन करू नका, ही विनंती.

प्रश्न : तीन कॉन्सर्टपैकी तिसरा बँड मला मुळीच आवडत नाही. मित्रांचा आग्रह आहे की तरीही मी यावे. नाही म्हटले तर ते रुसतील. काय करावे?

उत्तर : नाही म्हणा आणि त्याबरोबर एक प्रस्ताव ठेवा. त्या संध्याकाळी तुम्ही मुक्कामावर राहून लवकर झोपा आणि परतीच्या दिवशी सकाळी पहिला चालक तुम्ही व्हा. तीन दिवसांच्या दगदगीनंतर त्या गाडीत पुरेशी झोप झालेला आणि कान शाबूत असलेला एक तरी माणूस हवाच असतो आणि तुमच्या गटात तो आपणहून मिळतो आहे. रात्री ते परत येतील तेव्हा दार उघडायला उठू नका. किल्ली आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवा. कॉन्सर्ट कशी झाली ते सकाळी गाडीत विचारा.